भिकानानांचा हेल

मोटेवरचं गाणं मला आवडत नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते. नुसतं आवडत नव्हतं असंही नाही, मला त्याची लाज वाटायची. आमचं मूळ माळ्याचं, आईचे भाऊ अजून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला मळा करून राहिलेले, आणि आम्ही मात्र नाशकात दोन खोल्यांत. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. रोज संध्याकाळी ते चुकलेले छापील कागद घरी आणायचे, चूल पेटवायला. आई ते चुलीत घालायची आणि त्याआधी मी ते वाचून घ्यायची. शाळा चौथीतच सुटली, पण लग्नाच्या पत्रिका, औषधांच्या जाहिराती, कीर्तनाची हस्तपत्रकं वाचून मी वाचायला पक्की झाले. अजून माझ्या लिहिण्यात मध्येच पत्रिकेतलं एखादं भारदस्त वाक्य येतं, ते त्यामुळे. चालवून घ्या.

गाणंही असंच भिंतीपलीकडून आलं. शेजारच्या वकिलांच्या मुलीला शिकवायला एक मास्तर यायचे, पेटी घेऊन. मी आमच्या बाजूला भांडी घासता घासता तेच सूर लावायची. एकदा मास्तरांनी पेटी थांबवली तरी माझा सूर चालूच राहिला. मी जीभ चावली. पण मास्तर बाहेर आले, मला बघितलं आणि वकिलीणबाईंना म्हणाले, "ही पण बसू दे." तेव्हापासून मी बसायला लागले, दारापाशी, पण बसायला लागले. मास्तरांचं एकच सांगणं असायचं, सूर तुपाच्या धारेसारखा पडला पाहिजे, मध्ये तुटला तर त्याला गाणं म्हणायचं नाही. वडिलांना याचा केवढा अभिमान! छापखान्यात सगळ्यांना सांगायचे, आमची यमू पेटीवर गाते. माळ्याची पोर पेटीवर गाते म्हणजे आपण आता नाशिककर झालो, असं त्यांना वाटत असावं. मला तर नक्कीच वाटायचं.

त्या वर्षी आईला दिवस गेलेले, उन्हाळा कडक, म्हणून मला मामाकडे मळ्यात धाडलं. मी तेरा वर्षांची असेन. मळा सायखेड्याच्या वाटेवर, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. वांगी, मिरची, कोथिंबीर आणि कडेकडेनं झेंडू. मामा पहाटे गाडी भरून नाशकाच्या बाजाराला जायचा तो दिवस कलल्यावर यायचा. मामी दिवसभर चूल आणि मळा अशी दोन्हीकडे. तिच्या हाताचं भरीत काय सांगू! वांगं काट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून पाट्यावर नुसतं दडपायची, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचं तेल. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट हातात. आता माझी सून गॅसवर वांगं भाजते, चांगलंच करते, पण त्या जाळाचा वास कुठून आणणार?

या सगळ्यावर दिवसभर एक आवाज पसरलेला असायचा, भिकानानांचा. हे मामाच्या चुलत्यांपैकी, साठीच्या घरातले, एकटेच, मळ्याची मोट त्यांच्याकडे. आता मोट पाहिलेली माणसं उरली नाहीत म्हणून सांगते. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून जाड दोर, त्याला नाडा म्हणायचं. नाड्याच्या एका टोकाला विहिरीत कातड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैलजोडी. विहिरीपासून लांब उतार केलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, उलटते. मग बैल पाठमोरेच मागं सरत वर येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. दिवसभर हेच. हाकणारा नाड्यावर बसून गातो.

नाना गायचे ते एकच गाणं. "चाल रं कवड्या, चाल रं बाळ्या, वांग्याचा वाफा वाट बघतो, हो…" कवड्या आणि बाळ्या हे बैल. आणि शेवटचा तो 'हो'! तो जो निघायचा तो संपायचाच नाही. नाकातून निघालेला, लांबच लांब, थोडा उतरलेला, आणि मध्येच खाडकन तुटल्यासारखा. 'हो… हं… ओ…' तो तुटला की माझ्या अंगावर काटा यायचा. मास्तरांनी ऐकलं असतं तर कान धरून बाहेर काढलं असतं, असं मी मामीला म्हणायची. मामी हसून म्हणायची, "तुझे मास्तर बैलं हाकत्यात व्हय गं?"

एका दुपारी वांगी तोडायला आलेल्या बाया बांधावर भाकरी खात बसल्या होत्या. त्यांना शहरातली पोर म्हणून माझं कौतुक. एकजण म्हणाली, "यमूबाई, गाऊन दाव की." मी मास्तरांचं एक पद म्हटलं. त्या गप्प बसून ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष भाकरीतच. मला राग आला. मग मी काय केलं, पदर कमरेला खोचला, बांधावर नाड्यावर बसल्यासारखी बसले आणि नानांचं गाणं लावलं. नाक दाबून, मान हलवून, तो हेल जितका ओढता येईल तितका ओढला आणि मध्ये तो तुटका आवाज मुद्दाम दोनदा काढला. बाया हसून लोळल्या. एकीला ठसका लागला. मीही हसत होते आणि हसता हसता मागं वळले, तर थारोळ्यापाशी नाना उभे, हातात पाण्याचा लोटा.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पोर हुशार हाय. काय बी सोडलं नाय." आणि लोटा तिथंच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मोट चालू झाली, पण गाणं नाही. नुसता चाकाचा कुरकुर आवाज आणि नानांचं "हॅक, हॅक." मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, खोटं का सांगू. पण दुपारपर्यंत मळा कसा विचित्र वाटायला लागला. कवड्या पुढं पळायचा, बाळ्या मागं राहायचा. मोट वर येताना हिसके खायची, अर्धं पाणी विहिरीतच सांडायचं. शेवटचे वाफे कोरडे राहिले. मामीनं विचारलं, "नाना, आज मुके का?"

"घसा धरलाय."

"कालपस्तोर तर बरा व्हता."

"आज धरलाय," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मामीनं मात्र बघितलं. रात्री जेवताना तिनं भाकरी वाढली, पण "आणखी घे" म्हणाली नाही. त्या घरात याचा अर्थ मला पुरेसा कळत होता. उद्या जाऊन नानांची माफी मागू, असं मी ठरवलं. सकाळी त्यांच्यासमोर गेलेही, पण त्यांनी माझ्यापुढे बैलांचा कासरा झटकला आणि मी तशीच परत फिरले. तेरा वर्षांच्या पोरीला स्वतःचा मोठेपणा फार जड असतो, खाली ठेवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. मामा बाजाराला गेलेला. कवड्यानं उतारावर एकदम झेप घेतली, नाडा चाकावरून उडाला, मोटेची कडी तुटली आणि मोट धबाकन विहिरीत गेली. बैल धावेच्या तळाशी थरथरत उभे राहिले. नानांनी बैल सोडले नाहीत, वर आणून तसेच उभे केले आणि धोतर खोचून विहिरीत उतरायला लागले. आमच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या, भिंतीतून पुढं आलेल्या दगडांवर पाय देऊन उतरायचं. मामी म्हणाली, "ते बाजारातनं येऊ द्या, संध्याकाळी काढतील मोट." नाना म्हणाले, "संध्याकाळपस्तोर मिरची जळंल." मी काठावर उभी होते. ते खाली जाताना त्यांचं पांढरं मुंडासं लहान लहान होत गेलं. मग एक दगड सुटल्याचा आवाज, आणि पाण्याचा.

ते मेले नव्हते. विहिरीच्या तळाशी एक खडक होता, त्यावर छातीच्या बाजूनं आपटले होते आणि उजवा हात लोंबत होता. पाणी कमरेच्या वर. डाव्या हातानं खडक धरून ते उभे होते आणि मामीनं हाका मारल्या तरी तोंडातून शब्द निघत नव्हता, श्वासच अडकला होता. मामी किंचाळत बांधावर धावली. शेजारच्या पेरूच्या बागेतून चांदभाई पळत आले. ही बाग त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे, आमच्या विहिरीचं पाणी त्यांच्याही झाडांना जायचं. त्यांनी एकदा वाकून बघितलं, अंगरखा काढला.

"भाभी, हात टिकणार नाही त्यांचा. मी खाली जातो, नाड्याला बांधतो. तुम्ही बैल चालवा. पण धीरे. एक झटका बसला तर भिंतीवर आपटतील, खलास."

मामीनं आपलं दुसरं लुगडं आणून दिलं, बांधायला. दोघांनी मिळून नाडा चाकावर बसवला आणि चांदभाई उतरले. मामीनं कासरा धरला, "चल रं" म्हणाली. बैल हलेनात. आधीच बिथरलेले. तिनं पुन्हा हाकललं, काठी उगारली, तर दोघं एकदम झेपावले, तीन पावलं, आणि मोकळा नाडा सप्पकन ताणला गेला. मामीनं जीव खाऊन त्यांना आवरलं, मागं सारलं. नाना अजून बांधले नव्हते म्हणून निभावलं. बांधलेले असते तर?

खालून चांदभाई ओरडले, "बांधलं! पर धीरे, भाभी, धीरे!"

मामी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, वेळच नव्हता त्याला. "यमे, गा."

"काय?"

"नानाचं गानं गा. बैलान्ला तेच कळतं. मला जात्यावरचं येतं, मोटंचं नाय येत. तुला येतं, समद्या मळ्यानं ऐकलंय. गा!"

मी नाड्याजवळ उभी राहिले आणि गायला लागले. आणि काय केलं मी, बघा. भीतीनं माणूस आपल्याला जे पक्कं येतं तिकडेच पळतो. मी मास्तरांसारखी गायले. सूर चोख, शब्द स्वच्छ. "चाल रं कवड्या, चाल रं बाळ्या…" आणि बैल निघाले! एकाच चालीनं, खांद्याला खांदा लावून, नाडा हळूहळू ताठ झाला, चाक कुरकुरलं. "वांग्याचा वाफा वाट बघतो, हो…" माझा 'हो' तुपाच्या धारेसारखा पडला आणि जिथं मास्तरांनी शिकवलं होतं तिथं, डौलात, संपला. मी श्वास घेतला.

बैल थांबले. आणि मागं सरायला लागले.

हेल संपला म्हणजे मोट थारोळ्यात उलटली, आता मागं सरायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. विहिरीतून चांदभाईंची आरोळी आली, "या अल्ला!" नाडा दोन हात खाली गेला. मामीनं कासरा छातीशी धरून पाय रोवले, पण दोन बैलांपुढं तिचं काय चालणार, ती घसरत मागं येत होती. "तोडू नको! तोडू नको गं, वढ त्याला!"

मी पुन्हा 'हो' लावला. आता कसला चोख आणि कसला स्वच्छ. नाकातून, छातीतून, जिथून निघेल तिथून. बैल थबकले. मग पुढं निघाले. एक पाऊल, दुसरं. मला विहिरीत दिसत नव्हतं, मला फक्त धाव दिसत होती, किती उरलीय ती. अर्धी उरली होती. माझा श्वास संपत आला. डोळ्यांपुढं काजवे. थांबले तर नाना खाली, आणि थांबल्याशिवाय श्वास घेता येत नाही. आणि तेवढ्यात आवाज आपोआप तुटला, 'हं' असा, अगदी नानांचा तुटायचा तसाच, आणि त्या तुटण्याच्या फटीतून इवलासा श्वास आत गेला, आणि बैलांना काही कळायच्या आत 'ओ' पुन्हा चालू झाला.

बैलांनी पाऊल चुकवलं नाही.

त्या क्षणी मला कळलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. ज्याला मी हसले होते, दोनदा काढून बायांना लोळवलं होतं, ती नानांची श्वास घ्यायची जागा होती. सूर ज्यामुळे उतरलेला वाटायचा तेही कळलं, चढ्या सुरावर बैल पळतात, उतरत्या सुरावर दमानं जातात. त्या गाण्यात उगीच असं काही नव्हतंच. मी पुन्हा तोडला, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ओढला. कितीदा ते आठवत नाही. बैल तळाशी पोचले आणि थारोळ्याच्या काठावर आधी ते पांढरं मुंडासं दिसलं, मग दगडांवर पाय देत चढून त्यांना खालून ढकलणारे चांदभाईंचे हात. मामी कासरा टाकून धावली. मी हेल सोडला नाही. दोघांनी नानांना ओढून दगडावर घेतलं, लुगड्याची गाठ सोडली, नाडा मोकळा झाला, तरी मी 'हो' म्हणतच उभी. शेवटी चांदभाई धापा टाकत म्हणाले, "बस कर, बेटी. आला वर."

मी गप्प झाले. बैल शहाण्यासारखे मागं सरत आपल्या जागी आले.

हाडवैद्यानं नानांचा खांदा बसवला, फासळ्यांना पट्टा आवळला आणि महिनाभर बोलायचंही कमी करा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दुधाचा पेला घेऊन त्यांच्या बाजेपाशी गेले. सगळी माफी पाठ करून गेले होते, पत्रिकेतल्यासारखी. तोंड उघडलं आणि रडूच आलं. नाना मला रडू देत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "पैल्यांदा हेल तोडलास. का गं?"

"मास्तर सांगतात, सूर जिथं शोभतो तिथंच सोडावा."

नाना विचारात पडले. खरंच विचारात पडले, थट्टा नव्हती. म्हणाले, "असंल. तुझ्या मास्तराच्या सुराला खाली कोन लटकलेलं असतं?"

मी दुधाचा पेला त्यांच्या डाव्या हातात दिला.

मामानं मोट वर काढून नवी कडी बसवली, मग महिनाभर ती मामीनं हाकली आणि गाणं मी म्हटलं. मळ्याच्या कडेला आलेली माणसं बघायची, पोर गाती आणि बाई हाकती. नाना अंगणातल्या बाजेवरून, पट्टा आवळलेला, हातानं खुणा करायचे. सकाळी बैल ताजे, हेल आखूड. उन्हं चढली की लांब. बाळ्याचा पाय दुखत असला की शब्द कमी, नुसता हेल. पाणी खोल गेलं की सूर आणखी खाली. मी पेटीवर जेवढे धडे घेतले त्यापेक्षा हे अवघड होतं, कारण चुकलं की कुणी कान धरत नव्हतं, मोटच सांडायची. आणि मग माझे कान उघडले. वारा पडला की गंगेच्या काठानं दूरदूरच्या विहिरींवरचे हेल ऐकू यायचे. इतके दिवस तो मला एकच आरडाओरडा वाटायचा. आता मला ओळखू यायला लागलं, हा उथळ विहिरीवरचा, याच्याकडे नवा गोऱ्हा जुंपलाय, हा माणूस आज दमलाय. मी थारोळ्यावर बसून ऐकत राहायची, भाकरी हातातच राहायची.

मी निघायच्या दिवशी नाना पडल्यानंतर पहिल्यांदा नाड्यावर बसले. हात गळ्यात अडकवलेला. "चाल रं कवड्या," एवढं म्हणाले आणि खोकला आला. बैलांनी मान वळवून बघितलं, मग निघाले. पुढचं मी म्हटलं. हेल दोघांनी ओढला, त्यांचा श्वास संपला की माझा, माझा संपला की त्यांचा, त्यामुळे त्या दिवशी तो कुठं तुटलाच नाही.

नाशकात परत आले. घरात नुकताच जन्मलेला भाऊ, सारखा रडणारा. मास्तर वकिलांकडे आले, मी दारापाशी बसले. त्यांनी सूर दिला, मी लावला, लांब धरला आणि श्वास संपता संपता तो 'हं' आलाच. मास्तरांनी पेटी थांबवली.

"हे कुठून उचललंस?"

"मळ्यातून."

"काढून टाक. शोभत नाही."

मी काढून टाकलं. मास्तर चांगले होते, त्यांच्यामुळेच मला चार पदं येतात, त्यांना उलट बोलायचं मनात आलं नाही. पुढं लग्न झालं, पेटी सुटली, मामाच्या विहिरीवर इंजिन आलं आणि मग विजेची मोटर. आता बटण दाबलं की पाणी येतं, आता मळा बघणाऱ्या माझ्या भाच्याला बैलांची नावंही ठाऊक नाहीत, आणि कष्ट वाचले हे बरंच झालं. पण रेडिओवर कुणी गवई लांब सूर धरतो ना, तेव्हा माझी बोटं खाटेची कड घट्ट धरतात. नातू विचारतो, आजी, काय झालं? मी त्याला हातानंच थांब म्हणते. तो सूर संपेपर्यंत मला बोलता येत नाही. वर कुणीतरी यायचं असतं.